मागचा डावा खांदा

आयर्लंडमधल्या मेनूथ या विद्यापीठाच्या गावात मी राहते त्या खोलीच्या खाली चिप्सचं दुकान आहे. त्यामुळे माझ्या स्वेटरांना, पुस्तकांना आणि, आईच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्या व्हिडिओ कॉललासुद्धा व्हिनेगरचा वास येतो. एम.एस्सी.ला आले तेव्हा ही खोली वर्षभरापुरती म्हणून घेतली होती. मग इथेच नोकरी लागली, पुराचे नकाशे काढायची. कुठल्या नदीचं पाणी कुठल्या गल्लीत शिरेल ते निळ्या रंगात रंगवून द्यायचं. चिपळूणच्या वरच्या अंगाला पूर बघत वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? खोली बदलायची राहून गेली ती गेलीच.

दुकानाचा मालक, म्हणजे माझा घरमालक, ऐंशीला टेकलेला होता. लिहिताना त्याला 'ते' म्हणायला हवं, एवढी रीतभात मला आहे. तोंडावर मी त्याला उलट बोलत नसे, म्हणजे फारसं नसे. पण मनात तो 'म्हातारा'च होता, आणि ज्याच्यावर जीव जडतो त्याला आपण अरेतुरेच करतो, देवालासुद्धा. तेव्हा 'तो'च राहू दे.

दुकान त्याची मुलगी चालवायची. पन्नाशीची, जन्म इथलाच, बोलणं पक्कं इथल्या किल्डेअर परगण्याचं. म्हातारा काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना मीठ किती घ्यावं ते शिकवायचा. फ्रायरच्या वर त्याच्या गावाचा मोठा फोटो लावला होता. वर्षानुवर्षं तेलाची वाफ खाऊन तो इतका पिवळा पडला होता की गावात कायमची संध्याकाळ झालेली. मी पहिल्यांदा चिप्स घ्यायला खाली उतरले आणि शिष्टाचार म्हणून विचारलं, हे कुठलं गाव? झालं. चिप्स गार झाल्या आणि पुढची चार वर्षं मी भूगोल शिकले.

गाव इटलीत, रोमच्या खाली, डोंगरांमध्ये दडलेल्या एका छोट्या खोऱ्यात. खाली नदी, वर चुनखडीचा उघडाबोडका डोंगर, आणि मधल्या उतारावर घरं एकमेकांच्या खांद्याला धरून उभी. नाव लिहीत नाही. गावात आडनावं मोजकी आहेत. एकाबद्दल लिहावं आणि दहा जणांनी भांडायला यावं, असं तिथलं माप आहे. नदीवर जुना दगडी पूल. त्याचे खालचे दगड रोमन लोकांनी रचले आणि वरचे त्याच्या आजोबांनी, असं तो सांगायचा. उतारावर ऑलिव्ह, वर चेस्टनटची झाडं, त्याच्याही वर मेंढ्या. हिवाळा आला की मेंढपाळ कळप घेऊन खालच्या मैदानांत उतरायचे आणि उन्हाळ्याला परत चढायचे. म्हणजे गाव सोडायचं आणि गावाला परतायचं, ही सवय त्या खोऱ्याला चिप्सच्या किती तरी आधीपासून होती.

"जमीन कशी होती?" मी विचारलं.

"दगड. दोन दगडांच्या मधे चिमूटभर माती, तिच्यात बटाटा लावायचा. बटाट्यालाही तिथे राहवेना, म्हणून आम्ही त्याच्यामागे आयर्लंडला आलो."

आयर्लंडमधली चिप्सची कितीतरी दुकानं त्या एका चिमुकल्या मुलखातल्या लोकांची आहेत, हे खरंच आहे. त्याआधी तिथले लोक पायी पॅरिसपर्यंत जायचे, रस्त्यात वाद्यं वाजवत, प्लास्टरच्या मूर्ती विकत. मग सांगतात की एक जण अमेरिकेला निघाला, बोट आयर्लंडच्या किनाऱ्याला थांबली, हा अमेरिका आली असं समजून उतरला आणि चालत डब्लिनला पोचला. ही गोष्ट मी नंतर बऱ्याच इटालियन दुकानांत ऐकली. प्रत्येक दुकानात तो माणूस मालकाच्याच नात्यातला निघतो.

दुसऱ्या महायुद्धात लढाई त्यांच्या मुलखाच्या तोंडाशी हिवाळाभर अडकून पडली होती. सैनिक घरांत राहिले आणि घरातली माणसं डोंगरातल्या कपारींत. म्हातारा तेव्हा आईच्या पोटात होता; पण सांगायचा असा, की कपारीच्या दाराशी पहाऱ्याला तोच उभा होता.

त्याच्या भूगोलावर माझा विश्वास बसेना, कारण भूगोल हा माझा धंदा. नदी उगवतीकडे वाहते, असं तो छातीठोक सांगायचा. मी ऑफिसात नकाशा उघडून पाहिला. नदी सरळ मावळतीकडे जात होती. संध्याकाळी त्याला तसं सांगितलं.

"नकाशा कुणी काढला?" त्याने विचारलं.

"उपग्रहाने."

"तो राहतो का तिथे?"

मुलगी फ्रायरमागून म्हणाली, "सोड गं. नदी डब्लिनच्या लिफीएवढी मोठी आहे असंही सांगतो तो."

ऑगस्ट लागला की दुकानाला कुलूप. काचेवर आतून कागद: 'घरी गेलो आहोत.' चिप्सवर वाढलेली इथली माणसं त्या कागदासमोर उभी राहून हळहळायची. मला मात्र तो कागद ओळखीचा वाटला. आमच्याकडेही शिमग्याला आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपं निघतात, अंगण सारवलं जातं, आणि पंधरा दिवसांनी गाव पुन्हा म्हाताऱ्यांच्या हवाली होतं. एकदा मी त्याला आमच्या शिमग्याच्या पालखीबद्दल सांगितलं. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, तिला खांदा कुणी द्यायचा याचे मान ठरलेले असतात, आणि त्या मानावरून सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत.

म्हातारा स्टुलावरून उतरला. "आमचंही असंच आहे!"

त्यांचा एक संत आहे. ऑगस्टमध्ये त्याची लाकडी मूर्ती देवळातून निघते, खाली पुलापर्यंत उतरते, नदीला दर्शन देते आणि परत चढते. दोन लांब दांडे, त्यांवर मूर्ती, आणि प्रत्येक दांड्याला ठरलेल्या घरांचे खांदे. डाव्या दांड्याची अगदी मागची जागा त्याच्या घराची. त्याआधी त्याच्या बापाची, त्याआधी आजोबाची. मूर्ती चढावर परत येते तेव्हा सगळा भार मागच्यांवर येतो, म्हणून ती जागा मोठी मानाची. आणि एका वर्षी जरी घरचं कुणी उभं राहिलं नाही, तर जागा पुढच्या घराकडे जाते. कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर मोडता तरी आलं असतं.

पुढचं घर कुणाचं, तेही त्याने सांगितलं. त्याच खोऱ्यातला, त्याच गल्लीतला, त्याच्याच वयाचा एक माणूस आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, कासलबार गावात, चिप्सचं दुकान चालवत होता. त्याला नाव होतंच, पण आमच्या दुकानात त्याला नुसतं 'कासलबार' म्हणत. कासलबारच्या घराण्याने तीन पिढ्या त्या जागेची वाट पाहिली होती.

"मासे बुडवायच्या त्याच्या पिठात बिअर जास्त असते," म्हातारा म्हणाला. माणसाची लायकी सांगायला त्याला एवढं पुरेसं होतं.

दोन वर्षांपूर्वी वसंतात म्हाताऱ्याच्या हृदयाची झडप बदलली. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात मी त्याला पाहायला गेले, तर तो नर्सला नदी कुठे वाहते ते सांगत होता. ऑपरेशन चांगलं झालं. पण डॉक्टर म्हणाले, या उन्हाळ्यात विमान नाही आणि ओझं तर मुळीच नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी त्याला सोडून जाणार नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला त्या सगळ्याचं फारसं काही नव्हतं. लहानपणी प्रत्येक ऑगस्टमध्ये मैत्रिणी समुद्रावर जायच्या आणि ही त्या तापलेल्या डोंगरावर आत्या-मावश्यांच्या पाप्या घेत बसायची. "लाकडाची मूर्ती आहे, डॅडी," ती म्हणाली. "तू नसलास तरी ती पडणार नाही. तू आधी ग्रँड हो." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत.

तो चिप्सही खाईना. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस गप्प बसला की दुकान किती मोठं वाटतं, ते तेव्हा कळलं. मला त्याची दया आली, आणि थोडा रागही. एवढ्या मोठ्या आजारातून उठला आणि रडतोय कशासाठी, तर एका दांड्यासाठी! मग आठवलं, आमच्याकडे काका दम्याने धापा टाकत होता तरी पालखीखाली शिरला होता. त्याला अडवायला कुणाची जीभ उचलली नव्हती.

जुलैत एका दुपारी त्याने मला मागच्या अंगणात बोलावलं. बटाट्याचं पोतं समोर ठेवलं.

"उचल."

"का?"

"ऑगस्टमध्ये तुला सुट्टी आहे. घर मोकळं आहे. जो घराच्या खिडक्या उघडतो तो त्या घरचा, असा आमचा नियम आहे."

हा नियम त्याने त्याच क्षणी तयार केला होता, याची मला आजही खात्री आहे. मी म्हटलं, मी तुमच्या धर्माची नाही. तो म्हणाला, संत पासपोर्ट बघत नाही. मी म्हटलं, मी बाई आहे; आमच्याकडे बायकांनी ओटी भरायची, पालखीला खांदा द्यायचा नाही.

"तुमचं तुम्ही बघा," म्हातारा म्हणाला. "जागा घराची आहे. घराला मिशा असतात का?"

तिथे मी पाघळले. लहानपणी पालखी अंगणात नाचायची आणि मी ओटीचं ताट धरून पडवीत उभी असायची. दांडा हाताला कसा लागत असेल, याचा विचार करत. तो विचार पुरता विसरले होते. मी पोतं उचललं.

मग रोज ऑफिसातून आले की अंगणात कवायत. जागा डावी, पण दांडा येतो उजव्या खांद्यावर. पाऊल आधी डावं. उतारावर गुडघे मऊ ठेवायचे, चढावर मान खाली. मुलगी मागच्या दारातून बघायची आणि मान हलवून आत जायची. एक पोतं फुटलं आणि मी अंगणभर बटाटे गोळा करत फिरले. म्हातारा मात्र पुन्हा चिप्स खायला लागला.

निघताना त्याने एकच बजावलं. "मी आजारी होतो हे तिथे कळता कामा नये. कासलबारला वास लागला तर तो पायरीवर बसून वाट बघेल. सांग, दुकान जोरात आहे, म्हणून आलो नाही."

खोऱ्यात उतरले आणि आधी नदी शोधली. पूल सापडला. खाली गोटे होते, मधूनमधून डबकी, आणि एका डबक्यात बदक. लिफी कुठली! आमच्या वाडीचा पऱ्या, तो एवढासा ओढा, बरा. कुठल्या दिशेला वाहते हे विचारायची सोयच नव्हती, कारण ऑगस्टमध्ये ती वाहतच नव्हती. म्हातारा चौदाव्या वर्षी गाव सोडून गेलेला आणि पुढे दर वर्षी फक्त ऑगस्टमध्ये येणारा. साठ-सत्तर वर्षांत त्याने आपली नदी वाहताना पाहिलीच नव्हती. मी पुलावर उभी राहिले आणि मला भडभडून आलं. त्या क्षणी ठरवलं, यापुढे नदी उगवतीकडेच वाहते.

वर गावात मात्र पूर आला होता, माणसांचा. आयर्लंडच्या नंबर प्लेटच्या गाड्या, चौकात डब्लिनच्या ढंगाची इंग्रजी, दोरीवर वाळणारे आयरिश संघांचे टी-शर्ट. बंद घरांच्या खिडक्या एकामागून एक धाडधाड उघडत होत्या. मीही उघडल्या. आत कोंदट वास, पांढऱ्या चादरी, आणि भिंतीवर, काय म्हणावं, मेनूथच्या दुकानाचा फोटो! इथे बसून तिथला, तिथे बसून इथला. शेजारची आजी टोमॅटो घेऊन आली. म्हाताऱ्याहूनही वयाने मोठी, काळ्या कपड्यांतली. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन कामापुरतं. तिने माझा खांदा चाचपून पाहिला आणि काळजीत पडली.

कासलबारही आला. मला वाटलं होतं कुणी खत्रुड माणूस असेल. निघाला गोलमटोल, हसरा, टोपी हातात धरणारा.

"आला नाही तो?"

"दुकान जोरात आहे," मी म्हटलं.

"ऑगस्टमध्ये?" तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये मेनूथला विद्यार्थीच नसतात."

पाठ केलेलं एकच वाक्य, आणि तेही असं आपटलं. तो पुढे म्हणाला की खिडक्या उघडण्याचा असा काही नियम त्याने जन्मात ऐकलेला नाही. उद्या देवळापाशी सगळ्यांना विचारू, असं म्हणून टोपी घालून गेला. जागा जाणार होती, आणि म्हाताऱ्याला ते मला फोनवर सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी देवळासमोर गाव जमलं. कासलबार पाद्रीबाबांशी बोलत होता, चार म्हातारे माझ्याकडे बोट दाखवून हातवारे करत होते. मूर्ती बाहेर आली. फुलांनी मढलेली, दांडे तेल लावून चकचकीत केलेले. आणि मी, काही विचार न करता, देवळाच्या पायरीशी सँडल काढले, भिंतीला लावून नीट ठेवले आणि माझ्या जागी जाऊन उभी राहिले. देवाला खांदा द्यायचा म्हणजे पायात काही नसणार, यात विचार करण्यासारखं काय होतं?

फरशी तव्यासारखी तापलेली. पण त्याहून आधी जाणवली ती शांतता. हातवारे थांबले. कुणीतरी हळूच म्हणालं, "स्काल्त्सा." तो शब्द गर्दीत मागे मागे सरकत गेला. अनवाणी. अनवाणी आहे ती. एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. कासलबारने माझ्या पायांकडे पाहिलं, टोपी काढली आणि मागे सरला. पाद्रीबाबांनी मान डोलावली. मला वाटलं, वा, आपली नम्रता यांना भावली.

दांडा खांद्यावर आला. पोत्याच्या कवायतीचा तसा काही उपयोग नव्हता. पोतं हलत नाही, देव हलतो. उतारावर गुडघे मऊ ठेवले. पुलावर मूर्ती नदीकडे वळवली, त्या बदकाकडे. परतीचा चढ सुरू झाला आणि सगळा भार मागे आला. माझ्या तळव्यांना फोड आले होते. तेवढ्यात लक्षात आलं, पुढे कुणीतरी रस्त्यावर पाणी शिंपडतंय. मग घराघरांतून बायका बाटल्या, तांबे, बादल्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या पावलांपुढे पाणी ओतत राहिल्या. त्या रडत होत्या. हे जरा जास्तच होतंय, असं मला वाटलं.

मूर्ती देवळात गेली. शेजारची आजी घमेल्यात पाणी घेऊन आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि माझे पाय धुवायला लागली. मी पाय ओढून घ्यायला गेले. म्हाताऱ्या माणसाने आपल्या पायांना हात लावायचा म्हणजे काय! तिने तो घट्ट धरून ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारते," कासलबार घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्याच्याकडे किती दिवस उरलेत."

मग त्याने सांगितलं. त्यांच्या खोऱ्यात संताबरोबर अनवाणी कुणी चालत नाही. घरातलं माणूस मरणाच्या दारात असेल, तरच त्या घरचा कुणी नवस बोलतो आणि पायातलं काढतो.

मी हजार वेळा सांगितलं की तसं काही नाही, ही आमच्याकडची पद्धत आहे, तो ठणठणीत आहे, दुकान जोरात आहे. जितकं सांगावं तितक्या बायका जास्त रडत. आजीने माझ्या तोंडावर हात ठेवला, बिचारी, किती सोसतेय म्हणून.

संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगो, मग काय चपला घालून देवाला खांदा देणार होतीस? त्यांचं त्यांनी समजून घ्यायला नको?" तेवढ्यात मधेच मेनूथचा फोन आला.

"काय करून ठेवलंस!" म्हातारा ओरडत होता. "अर्ध्या आयर्लंडचे फोन येतायत! लिमरिकचा चिप्सवाला फोनवर रडला! मला पुरून मोकळे झालेत सगळे! मी ग्रँड आहे!"

"पण जागा राहिली," मी म्हटलं.

"पाय कसे आहेत?" त्याने विचारलं.

यातून जे झालं ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. कासलबार डब्लिन विमानतळावर उतरला तो थेट मेनूथला आला. म्हातारा स्टुलावर जिवंत बसलेला पाहून आधी चांगलाच वैतागला. मग त्याने कोट काढला, अॅप्रन बांधला आणि मुलीला म्हणाला, "तू आठवडाभर झोप." आठवडाभर दोघे म्हातारे पिठात बिअर किती घालायची यावरून भांडले. जाताना कासलबार म्हणाला, "जागा ठेव तुझ्याकडे. तू मेलास की बघू." म्हातारा खो खो हसला. मुलगी हसली नाही. ती टेबलं पुसत होती, ती थांबली आणि बापाकडे बघत राहिली.

गेल्या वर्षी म्हातारा पुन्हा तपासायला ब्युमॉन्टला गेला. इंग्रजीतलं लांबलचक असेल ते मुलीला सांगा, त्याने डॉक्टरांना सांगितलं, मला एवढंच सांगा, ऑगस्टमध्ये गावाला जाता येईल का? डॉक्टर लगेच हो म्हणाले. जरूर जा म्हणाले. इतक्या लगेच हो का म्हणाले, ते त्याने विचारलं नाही.

आम्ही तिघं गावाला निघालो तेव्हा मुलीने ते मला विमानतळावर सांगितलं. तो सुरक्षा तपासणीत अडकला होता, खिशातून मिठाच्या पुड्या काढत. हृदय नव्हतं आता, दुसरंच काही होतं, आणि पसरलेलं होतं. "त्याला कसं सांगू?" ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तोंड उघडते आणि विचारते, चहा घेणार का?" तिने माझा हात धरला होता आणि तो समोरून आला तसा सोडला.

गावात पोचलो. त्या दिवशी खिडक्या आम्ही दोघींनी मिळून उघडल्या. म्हातारा अंगणात खुर्ची टाकून प्रत्येकाला सांगत होता, बघा, मी ग्रँड आहे, या पोरीच्या पायांचा गुण. आजी त्याचे गाल दोन्ही हातांनी ओढत होती. आमच्या समोरच त्याने कासलबारला बजावलं, "या वर्षी माझी मुलगी उभी राहणार आहे. माझा खांदा गेला, पण घर आहे." मी तिच्याकडे पाहिलं. तिला कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे.

मिरवणुकीच्या दुपारी मी शहाणपणाने सँडल घालून उभी होते. पुन्हा घोटाळा नको. मूर्ती बाहेर आली. म्हातारा सदरा इस्त्री करून मुलीच्या मागे उभा, डावं पाऊल आधी, गुडघे मऊ, अशी त्याची बडबड चालू. मुलगी देवळाच्या पायरीवर बसली. तिने रनर्सच्या नाड्या सोडल्या, ते काढले, मोजे काढून आत खुपसले आणि अनवाणी जाऊन दांड्याखाली उभी राहिली.

मागच्या वर्षीचीच शांतता. या वेळी कुणी कुजबुजलं नाही. कासलबारने टोपी काढली.

म्हातारा बोलता बोलता थांबला. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे. ती समोर बघत होती, वळली नाही. आता हा ओरडणार, मी ग्रँड आहे म्हणून ओरडणार, मी वाट बघत राहिले. तो ओरडला नाही. पायरीपाशी गेला, कठड्याला धरून हळूहळू वाकला. आजीने मदतीला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. मुलीचे रनर्स उचलले, त्यांवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि छातीशी धरून तिच्या शेजारी चालायला लागला. बायकांनी पाणी ओतायला सुरुवात केली.

मीही सँडल काढले आणि हातात घेऊन त्याच्या बाजूने चालू लागले. पुलापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. नदीपाशी मूर्ती वळवली तेव्हा त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"तू घाल," तो म्हणाला. "तुझ्या घरात कुणी आजारी नाही."

मी घातले नाहीत.